डिस्कने हाक मारली नाही तर

गंधालीला देवव्रतचे आधी बूट दिसले. ती टेबलाखाली शिरून हार्डडिस्कची केबल बसवत होती आणि ते बूट तिच्या रिकाम्या खुर्चीशी भांडत होते. कॅमेऱ्याचं चित्र सारखं गोठतं, हा ड्रायव्हर ज्याने लिहिला त्याचे हात बांधून ठेवायला हवेत, असं बुटांचं म्हणणं होतं.

"हात बांधले तर केबल कोण बसवणार?" तिने खालूनच विचारलं.

बूट दोन पावलं मागे सरकले. मग एक चेहरा खाली वाकला – लाजेने लालबुंद, आणि मेला चक्क देखणा.

मरोळच्या त्या छोट्या कंपनीत कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं बनायची. चित्र पडद्यावर दाखवायचं काम नव्याने आलेल्या, पार्ल्याच्या देवव्रतचं. डिस्ककडून ते साठवून घेणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, घाटकोपरच्या गंधालीचा. चूक तिचीच होती. तिचा ड्रायव्हर डिस्कला काम सांगायचा आणि ते होईपर्यंत तिथेच ताटकळायचा. त्याच्यापायी अख्खं यंत्र खोळंबायचं.

ड्रायव्हर नव्याने लिहायला घेतल्यावर तिने ऑफिसखालच्या दादूच्या चहाच्या टपरीवर देवव्रतला सगळं समजावलं.

"चहा सांगितल्यावर तू टपरीला चिकटून उभा राहतोस का? सांगायचं, बाजूला व्हायचं, आपली कामं करायची. झाला की दादू 'झालं रे!' अशी हाक मारतो. डिस्कही तशीच मारेल."

"आणि नाहीच मारली तर?"

"मारते रे. घाबरट आहेस तू."

आल्याच्या चहावर फुंकर घालत तो तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी आला.

"रविवारी पार्ल्यात... माझ्याबरोबर मिसळ खायला येशील? घाई नाही. ठरलं की हाक मार."

आणि ती तोंड उघडायच्या आत तो बाजूला होऊन कामाला लागला.

तिला हो म्हणायचं होतं. पण तो समोर आला की ती केबलबद्दलच बोलायची, आणि गेला की राग यायचा. कसला माणूस हा, एकदा विचारतो आणि ढिम्म! रविवार येत गेले, जात गेले. चित्र आता झकास चालत होतं, देवव्रत गोड हसत होता, मिसळीचं नाव मात्र काढत नव्हता. त्यात साहेबांनी, नंदकिशोर सरांनी, जाहीर केलं, शनिवारी यंत्र नागपूरच्या गिऱ्हाइकाकडे जाणार आणि देवव्रतही, सहा महिन्यांसाठी.

शुक्रवारी चाचणीत वाट लागली. पडद्यावर चित्र सुरेख, पण डिस्कवर सकाळपासून काहीच साठलं नव्हतं. डिस्कची एक हाक वाटेत हरवली होती आणि गंधालीचा ड्रायव्हर तिची वाट बघत निमूट बसला होता.

"तरी मी विचारलं होतं," देवव्रत हळूच म्हणाला.

"हाक नाही आली तर काही वेळाने पुन्हा विचारायचं असतं," ती तडकली. "साधी गोष्ट आहे. कुणालाही कळावी."

"मग ड्रायव्हरमध्ये का नाही घातलीस?"

तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि दुरुस्ती केली. करता करता तिच्या मनात आलं, डिस्कने बिचारीने हाक मारली तरी होती. आपण तर तीही मारली नाही.

शनिवारी सकाळी यंत्र टेम्पोत चढलं, देवव्रत पुढे बसला. टेम्पो हलला आणि वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभ्या गंधालीने दादूसारखा आवाज लावला.

"देवव्रत! झालं रे!"

खाली सगळे वर बघायला लागले. आपण तर ओरडलो नाही, म्हणून दादूने गोंधळून किटलीकडे पाहिलं. टेम्पो थांबला. देवव्रतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं?"

"उत्तर. हो."

"अगं, पण मी तर नागपूरला..."

"तिथे तर्री-पोहे मिळतात. पुढच्या रविवारी येते. आणि यापुढे एकदा विचारून गप्प बसायचं नाही."

"येशील?" त्याने लगेच विचारलं.

"येते म्हटलं ना."

"नक्की येशील?"

टेम्पोवाला कंटाळून निघाला. देवव्रत खिडकीतून मान वळवून नाक्यापर्यंत विचारत राहिला, आणि गंधाली कठड्यावरून दरवेळी हो म्हणत राहिली.