तिसऱ्या पानावरचं नाव

अर्णव, तो मोबाइल उलटा ठेव. क्षितिजा, दार लोटून घे. हे ऐकीव नाही. मी गिरगावातल्या ज्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, तिथलं आहे. गुरुदत्त धैर्यवानांनी स्वतः मला सांगितलं, तेही पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून.

गुरुदत्त खोताच्या वाडीत राहतात. आमचे चिटणीस, आणि रहस्यकथा लिहितात. त्यांच्या गोष्टीतला गुप्तहेर कधी चुकत नाही. कसा चुकेल? खुनी कोण, ते लेखकानं आधीच ठरवलेलं! पण गुरुदत्तांना वाटायला लागलं की खऱ्या जगातही असंच चालतं. मला त्या माणसाचा तिथेच राग यायचा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या रहस्यकथांच्या तिसऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायला लागलं. वाचणाऱ्याचा पार विचका. गुरुदत्तांनी नोंदवही काढली. खराब झालेली अकरा पुस्तकं, अकराही शांताबाईंच्या घरी जाऊन आलेली. बाई गिरणीत कामाला होत्या, आता एकट्याच असायच्या. त्यांनी अख्खी कपाटं वाचून काढली होती, मग ही अकरा तरी कशी सुटणार? उजवा हात थरथरायचा, म्हणून नोंदवहीत सहीच्या जागी अंगठा द्यायच्या.

“लिहिता आलं असतं तर अंगठा कशाला दिला असता, साहेब?” बाईंनी विचारलं.

“अक्षर ओळखू येऊ नये म्हणून,” गुरुदत्त म्हणाले.

त्यांनी बाईंचं कार्ड सगळ्यांसमोर फाडलं. बाई जिना उतरल्या त्या पुन्हा घराबाहेर पडल्या नाहीत. पुढच्या आषाढात गेल्या. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो, तेही सांगून टाकतो.

गुरुदत्तांनी काय करावं? त्याच प्रकरणावर कादंबरी लिहिली. शेवटी म्हातारी पकडली जाते.

दोन हजार पंचवीसची वसुबारस. सतरा ऑक्टोबर, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशन होतं. मी आठला वाचनालय बंद करून गेलो होतो. साडेनऊला गुरुदत्त नव्या पुस्तकाच्या दहा प्रती टेबलावर मांडायला वर आले. किल्ली त्यांच्याकडे असायचीच. छापखान्यातून आलेलं पुडकं, सुतळीची गाठही तशीच. त्यांनी ती कापली आणि पहिली प्रत हौसेनं उघडली.

तिसऱ्या पानावर पेन्सिल. वेडीवाकडी, थरथरती अक्षरं.

‘मी लिहिलं नव्हतं.’

छापखान्यातल्या पोरांचा चावटपणा, त्यांनी ठरवलं. खोडरबर घेतलं, खोडलं. दुसरी प्रत उघडली. तिथेही तेच. तिसरी. चौथी. नऊ प्रती झाल्या. खोडरबर झिजत आलं. कुणीतरी आधी पुडकं फोडलं असणार. मग सुतळी? नवी बांधली असणार. सगळं बसत होतं.

दहावी प्रत. तिसरं पान… कोरं.

त्यांनी श्वास सोडला.

तेवढ्यात कपाटामागे आवाज. कुर्र… कुर्र… कागदावर पेन्सिल चालावी तसा.

“कोण आहे?”

आवाज थांबला. मग पुन्हा. कुर्र…

त्यांनी पानाकडे पाहिलं. कोरं नव्हतं. एकेक अक्षर उमटत होतं. हळू. थरथरत.

‘खु…’

‘नी…’

मग दोन टिंबं.

पुढे कुणाचं नाव येणार, ते त्यांना कळलं. कधी नव्हे ते तर्काशिवाय कळलं.

“शांताबाई…” ते म्हणाले. “माझी चूक… झाली असेल तर…”

असेल तर!

आवाज बंद झाला.

आणि दिवा गेला.

ते जिना कसे उतरले, त्यांचं त्यांनाच आठवत नाही. एक चप्पल वरच राहिली.

सकाळी मी कुलूप काढायला गेलो तर दार सताड उघडं. टेबलावर प्रती होत्या नऊ. मी प्रत्येकीचं तिसरं पान पाहिलं. स्वच्छ. खोडल्याचीही खूण नाही.

नोंदवही मात्र उघडी होती. शांताबाईंचं पान, लाल शाईनं काट मारलेलं. त्याखाली नवी नोंद. तारीख सतरा ऑक्टोबर. पुस्तक, गुरुदत्तांची कादंबरी. सहीच्या जागी जांभळा अंगठा… अजून ओला. शाईचं पॅड मी बाई गेल्या त्याच आठवड्यात टाकून दिलं होतं.

प्रकाशन झालं नाही. गुरुदत्त आता रोज संध्याकाळी येतात. आत पाऊल ठेवत नाहीत. उंबऱ्यातूनच विचारतात, “आलं का परत?”

मी मान हलवतो.

नाव लिहायचं राहिलेली ती दहावी प्रत अजून बाहेरच आहे. आणि शांताबाईंनी आजवर एकही पुस्तक परत केल्याशिवाय ठेवलेलं नाही.