काकांचा पळणारा शंख

"काका, तुमचा शंख पळाला!" अंकुर ओरडला.

"शंखाले पाय असतेत का रे? काहीही!" भय्याजीकाका मिशी कोरता कोरता हसले.

कीर्तीला मात्र हसू येईना. आंधळगावची ही कोसा रेशीम विणणारी मंडळी सुटीत अंदमानच्या एका लहानशा बेटावर, मिठू नावाच्या मुलीच्या घरी उतरली होती. काल तिन्हीसांजेला मिठूच्या आईने तुळशीपाशी दिवा लावून असा शंख फुंकला, की काकांनी ठरवूनच टाकलं, आपल्याही देवघरात शंख हवा! किनाऱ्यावरचा एक जाडजूड शंख त्यांनी गुपचूप पिशवीत टाकला. "इथून शंख नेत नाहीत," असं मिठूने बजावलं होतं, पण काका कसले ऐकतात!

आता पिशवीबाहेर चिवडा सांडला होता. त्यातले खोबऱ्याचे काप तेवढे गायब! आणि शंख दाराशी.

"उंदीर!" अंकुर म्हणाला.

"उंदीर खोबरं खाईल, शंख कायले ओढंल?" कीर्ती म्हणाली.

कीर्तीने शंख कानाशी धरून हलकेच हलवला. घरी आजी रेशीमकिड्याचा कोसा असाच हलवून पाहायची. आत जीव असला, की हाताला कळतं. आत काहीतरी सरकलं!

"काका, यात कोणीतरी राहून राहिलं! सोडून द्या ना, घरी जाईपर्यंत मरंल ते!"

"रिकामा आहे तो! मी पाह्यला ना. चला, बोटीची वेळ झाली."

कीर्तीने अंकुरला डोळा मारला.

"बरं काका, पण एकदा वाजवून तर दाखवा! नाही तर आजी म्हणंल, मुका शंख आणला."

काकांनी छाती फुगवली. अंगणात जाऊन शंख तोंडाशी नेला. आतून दोन डोळे वर आले, मग एक जांभळी नांगी, आणि तिने काकांची मिशीच पकडली!

"अगं माय! मेलो!"

"हिलो मत! शंखवाला केकड़ा है, छोड़ देगा!" मिठू हसत धावली.

खेकड्याने मिशी सोडली. धप्पकन वाळूत पडला आणि घर पाठीवर घेऊन तुरुतुरु निघाला.

"त्याचं घर होतं ते, काका," कीर्ती हळूच म्हणाली.

काकांनी मिशी चोळली. मग पिशवीतून त्यांनी खोबऱ्याची एक वाटी काढली आणि त्याच्या वाटेवर ठेवली. "घे बाबा. चुकलंच माह्यं."

मिठूच्या आईने आपला शंख कीर्तीच्या हाती दिला. "शाबाश! आज तू बजा."

आधी नुसतं फुस्स! मग भों...!

"आजीले सांगतो, नात तयार झाली तुही," काका म्हणाले. "पण मिशीचं नका सांगू रे पोट्टेहो!"