पायगुण

सह्याद्रीतला एकही ओढा आता मुका राहिला नव्हता. प्रत्येकाच्या पात्रात करंगळीएवढी एक नळी रोवलेली होती आणि ती दिवसरात्र चहाड्या करत असे. पाण्याला शिवणारा प्रत्येक जीव, मग तो गवा असो की गोगलगाय, अंगाच्या चार पेशी मागे सोडतोच. नळी त्या पेशींमधला डीएनए वाचायची आणि कोण कुठे येऊन गेलं ते नकाशावर ठिपक्यानं दाखवायची. या नकाशाला ‘जीवपट’ म्हणत. पूर्वी एक प्राणी शोधताना शास्त्रज्ञांच्या चपला झिजायच्या. आता शाळकरी पोरंसुद्धा सकाळी चहा पिता पिता गावच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, काय आलंय ते बघत.

डॉ. ओवी केरकर मात्र जीवपट धडधडत्या छातीनं उघडायची. कपाळावर तांबडा ठिपका असलेला, नखाएवढा ‘टिकली बेडूक’ तिनंच शोधून काढला होता. त्याची तळी एकामागून एक ओस पडत होती. आता उरली होती फक्त तांबुळवाडीच्या देवराईतली तळी.

आणि यामागे कोणीतरी माणूस होता. माणसाचीही छाप पाण्यात उतरते. कायद्यानं त्या माणसाचं नाव तेवढं झाकलेलं असतं. बेडूक जिथे जिथे मेले, तिथे तिथे आधी तोच एक अनाम ठिपका येऊन गेला होता. संशोधकांचे ठिपके जीवपट आपोआप गाळतो, असं ओवी धरून चालली होती.

“हा माझ्या मागावर आहे,” ती म्हणे. “मी बेडूक शोधते आणि हा विष कालवतो.”

तो ठिपका देवराईतही दिसला होता, पण तिथले बेडूक धडधाकट होते. ओवीला याचा अर्थ सरळ वाटला. स्वतःच्या देवाच्या तळीत कोण विष टाकेल? म्हणजे माणूस इथलाच. तिचा संशय देवराईच्या बाबल गुरवावर होता, कारण औषधी मुळ्यांसाठी तो सगळी रानं पालथी घालायचा. नाव उघडायची परवानगी तिनं न्यायालयातून मिळवली, आणि गुन्हेगाराला जन्मभर रानबंदी व्हावी असा आदेशही.

नाव उघडणार त्या दिवशी ती बाबलसमोर उभी राहायला आली. आदल्या दिवशीच बेडूक मेलेल्या एका ओढ्यातून थेट.

“बाय, व्हाणा भायर,” सवयीनं बाबल म्हणाला. “देवाचा रान आसा.”

“माहीत आहे, काका.” दर वेळी ती बूट कडेच्या शेंदरी दगडापाशी काढायची. आज मात्र त्यांना तांबडा चिखल थापला होता. देवाच्या दगडाला तो लागू नये म्हणून तिनं वरच्या वहाळात बूट स्वच्छ धुतले, आणि मगच दगडापाशी ठेवले. संशय माणसावर होता. देवानं तिचं काय वाकडं केलं होतं?

“माजा नाव इला तर मी रान सोडीन,” आदेशाचं ऐकून असलेला बाबल म्हणाला. “दुसऱ्याचा इला तर?”

“ज्याचं येईल त्यानं सोडायचं. कोणीही असो.”

“काय काय माणसांचो पायगुणच वायट, बाय.”

“पायगुण वगैरे काही नसतं, काका. पुरावे असतात.”

तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतून तिचा सहकारी फैयाज बोलत होता.

“ओवी, आधी हे ऐक. काल पाठवलेल्या मेलेल्या बेडकांत विषाचा थेंबही नाही. बुरशी आहे, अगदी नवी. आपण बूट बुडवतो त्या औषधाला ती भीक घालत नाही. चिखलातून पसरते.”

“नाव सांग.”

फैयाज पुन्हा बुरशीचंच सांगू लागला.

“फैयाज, नाव!”

“तुझं आहे.”

“वेड लागलंय तुला? अरे, मी देवराईतही येते! इथले बेडूक तर—”

 तिची नजर खाली गेली होती, स्वतःच्या उघड्या पावलांवर. साऱ्या रानात ही एकच जागा अशी होती जिथे ती अनवाणी जायची.

 ज्यांच्यासाठी तिनं घरदार बाजूला ठेवलं, त्यांच्या दारात तीच मरण घेऊन जात होती, एकेक तळी शोधून, नकाशावर खूण करून.

मग तिनं दगडापाशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं. ते लख्ख होते.

“काका,” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, “हा वरचा वहाळ कुठे जातो?”

“खंय म्हणजे? तळयेत.”

“पाणी अडवा! आत्ता, लगेच!”

“आता काय अडवतलंय, बाय? मगाशीच गेला ता.”

आत देवराईत टिकली बेडूक टिक्‌टिक् बोलत होते. बाबलनं आधी चकचकीत बुटांकडे पाहिलं, मग तिच्या पावलांकडे. मघाचा तो शब्द त्यानं पुन्हा काढला नाही.