अजून एक फेरी

काम तसं काहीच नव्हतं. वहिनींना रात्रीच्या बसवर सोडून यायचं, एवढंच. बस स्टँड गाडीने पाच मिनिटांवर. असल्या कामाला कोणी कधी घाबरलंय का?

पण ऐका. दार लोटून घे रे, वारा येतोय. आणि मध्ये कोणी खिदळायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्याबाबतीत घडली तो आमच्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. सगळे त्याला छोट्या म्हणायचे. केस पिकले, ढेरी सुटली, तरी छोट्याच. दादाने लहानपणी हाक मारली आणि ती चिकटली. आईवडील दोघंही लवकर गेले, मग दादाने टॅक्सी चालवून त्याला वाढवला. शाळेत दादानेच सोडायचं, तापात दादानेच उशाशी बसायचं, आणि गणित चुकलं की कानाखाली दादानेच वाजवायची. पुढे छोट्या गाड्यांच्या वायरिंगच्या कामात पडला, गॅरेज टाकलं, हातात कला होती म्हणून नाव झालं. लग्न मात्र केलं नाही. म्हणायचा, "दादा-वहिनी आहेत की. तिसरं माणूस कशाला त्रासात घालू?"

आणि मग दादा आजारी पडला. आधी पाय गेले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सगळंच जाणार. तसंच झालं. हात गेले, मान गेली, जीभ जड झाली. जन्मभर स्टिअरिंगवर बसलेला माणूस, खिडकीशी लावलेल्या पलंगावर उशांच्या आधाराने टेकवून ठेवलेला. शेवटी त्याच्या हुकमात उरला फक्त उजवा अंगठा.

खिडकीसमोर एका बंद पडलेल्या कारखान्याचं मैदान होतं. हलक्या उताराचं. उताराच्या टोकाला दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली. कठडा कधीच गंजून पडला होता. मैदानाच्या अलीकडच्या कडेला दादाची गाडी कव्हर घालून उभी असायची. दादा दिवसभर तिच्याकडे बघायचा.

छोट्याला ते सोसवेना. एक दिवस त्याने कव्हर काढलं आणि कामाला लागला. स्टिअरिंगच्या दांड्याला सायकलचं चक्र वेल्ड केलं, त्यावर सायकलचीच चेन चढवली, चेन फिरवायला ट्रकच्या वायपरची मोटर. अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेला एक लहान मोटर, ब्रेकच्या पेडलला एक दांडगी. गाडी बिनगिअरची होती, तेवढं बरं. क्रेन चालवतात तो रिमोट जुन्या बाजारातून आणला आणि त्याचा सिग्नल पकडणारा डबा डॅशबोर्डखाली बसवला. रिमोटवर एकच दांडी. पुढे ढकलली की गाडी पुढे, तिरकी केली की वळण. सिग्नल आला की डब्यावर हिरवा दिवा लागायचा. आणि एक सोय छोट्याने मुद्दाम केली. दांडी सोडली, किंवा रिमोट पडला, फुटला, काहीही झालं, की ब्रेकची मोटर आपोआप पेडल दाबणार. दादाच्या अंगठ्याचा काय भरवसा, म्हणून.

पहिल्या दिवशी त्याने रिमोट दादाच्या हाताखाली ठेवला. अंगठा दांडीवर टेकवला. खिडकी उघडली.

गाडी हलली.

दादाच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण अंगठा ढळला नाही. खाणीच्या काठाशी जाऊन असं झोकदार वळण घेतलं, की छोट्याने खिडकीची चौकट घट्ट धरली. दादा मात्र हसला. कित्येक महिन्यांनी.

मग म्हणाला, जड जिभेने, "तिला... बसव."

वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसल्या. काच खाली करून ओरडल्या, "ड्रायव्हर, नीट चालवा हो! मीटर लावलाय ना?"

असं रोज व्हायला लागलं. संध्याकाळ झाली की वहिनी गाडीत, दादा खिडकीत. शेजारपाजारचे बघायला यायचे, टाळ्या वाजवायचे. छोट्याची कॉलर ताठ.

पण सुख असं किती दिवस टिकतं?

एकदोन फेऱ्यांच्या पाच झाल्या, पाचाच्या दहा. वहिनी म्हणायच्या, "आता पुरे, गॅसवर भाजी ठेवलीय." दादा म्हणायचा, "अजून एक." घरात हजार कामं, त्यात दादाचं सगळं अंथरुणातच. बाई पिचून गेली होती. आणि एका संध्याकाळी छोट्या गॅरेजमधून आला, तर गाडी मैदानात गरगर फिरतेय, आणि वहिनी आतून काचेवर दोन्ही हात आपटतायत. दुपारपासून. चालत्या गाडीतून उतरायची सोय नाही, आणि गाडी थांबतच नव्हती.

छोट्या धावत खोलीत गेला.

"दादा, थांबव. वहिनी रडतायत."

दादा खिडकीबाहेर बघत होता. शांत. "अजून... एक फेरी."

"दादा!"

"गाडीत असते... तेव्हाच... ती कुठे जात नाही."

छोट्याने त्याचा अंगठा धरून दांडीवरून सोडवला. सोपं गेलं नाही. अंगात जोर म्हणून नसलेल्या माणसाचा तो अंगठा, पण छोट्याला दोन्ही हात लावावे लागले. रिमोट काढून त्याने कपाटावर टाकला. सेलही काढले.

त्यानंतर दादा त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. वहिनींशीही नाही. फार दिवस जगलाही नाही. गेला तेव्हा छोट्या उशाशी होता. श्वास थांबत आला होता, आणि अंगठा तेवढा हलत होता. रिकाम्या चादरीवर. पुढे... तिरका... पुढे... तिरका.

बरं. आता त्या रात्रीकडे येऊ.

तारीख सतरा डिसेंबर, वार मंगळवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, उगाच मीठमसाला लावायचा नाही. स्वच्छ चांदणं पडलं होतं. वहिनींना त्यांच्या बहिणीने दुसऱ्या गावी एका वसतिगृहात काम मिळवून दिलं होतं. रात्रीची बस होती. छोट्याला म्हणाल्या, "भाऊजी, मला नाही म्हणू नका. त्या खिडकीकडे बघितलं की मला अजून गरगरतं. आता उरलेलं आयुष्य तरी मला चालत जायचंय, आपल्या पायांनी."

छोट्या काय नाही म्हणणार? म्हणाला, "जा वहिनी. खुशाल जा. मी सोडतो."

त्याची स्वतःची गाडी गॅरेजमध्ये उघडून पडली होती, म्हणून नाइलाजाने दादाचीच गाडी काढायचं ठरलं. ब्रेकची ती दांडगी मोटर असली की पेडलवर पाय ठेवता यायचा नाही. ती त्याने दुपारीच काढून गॅरेजच्या टेबलावर ठेवली. डब्याची वायर कापली. चेन आणि बाकीचा पसारा तसाच राहिला. म्हटलं, सावकाश काढू.

वहिनी मागे बसल्या. सवयीने. मांडीवर बॅग. छोट्याने गाडी दारासमोर आणली, आणि आठवलं, घराला कुलूप लावायचं राहिलं. गाडी बंद केली. चावी खिशात टाकली.

"आलोच," म्हणाला.

हातात कुलूप घेऊन पायऱ्या चढला. आणि मागे इंजिन सुरू झालं.

छोट्याने खिशात हात घातला. चावी होती.

तो वळला. गाडी हळूच पुढे सरकली. आत पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. स्टिअरिंग मात्र फिरत होतं. चेनचा आवाज येत होता... करकर... करकर... आणि गाडी मैदानात उतरली.

"वहिनी! उतरा! उडी मारा!"

तो धावला. गाठलीही गाडी. दाराला हिसका दिला, उघडेना. चारी दारं लागलेली. डॅशबोर्डखाली हिरवा दिवा. कापलेली वायर तशीच लोंबत होती, आणि दिवा जळत होता.

वहिनींनी काचेला तोंड लावलं.

"भाऊजी, दार उघडत नाहीये."

"घाबरू नका. मी आहे."

"भाऊजी, मला जायचं होतं हो..."

गाडीने वेग घेतला. छोट्याचा हात सुटला. खाणीच्या काठाशी जाऊन तिने वळण घेतलं. झोकदार. जगात तसं वळण एकच माणूस घ्यायचा.

छोट्याने खिडकीकडे बघितलं. अंधार. बंद काच.

आणि त्याला रिमोट आठवला.

तो घरात पळाला. दादाच्या खोलीत. दिवा लावला नाही, चांदणं आत आलं होतं. कपाटावर हात फिरवला... काही नाही. वळून बघितलं...

रिमोट पलंगावर होता. उघड्या गादीवर. जिथे दादाचा हात असायचा, तिथे. सेलची जागा रिकामी. दांडी पुढे झुकलेली. बघता बघता तिरकी झाली... आणि बाहेर गाडी वळली.

छोट्याने दांडी धरली. मागे ओढली.

हलेना.

बोटं दांडीच्या टोकाशी नेली. तिथे काहीतरी होतं. दिसत नव्हतं. गार. मऊ. नख लागलं बोटाला.

"दादा..."

तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला.

"दादा, सोड रे. तुझ्या पाया पडतो. चूक माझी होती. मी रिमोट घेतला, मला ने. तिला सोड."

खोलीत आवाज नाही. बाहेर काचेवर हात आपटल्याचा. लांब गेला... जवळ आला... लांब गेला.

छोट्याने दोन्ही हातांनी ते काढायचा प्रयत्न केला. मागच्या वेळेसारखा. या वेळी निघालं नाही.

रडत होता तो. लहानपणी रडायचा तसा. आणि बोटात अजून ते कुलूप अडकलेलं होतं. जाड, पितळी. त्याला सुचलं. रिमोट फुटला की गाडी थांबणार! आपणच तर तशी सोय केली!

त्याने कुलूप उगारलं. हाणलं. पुन्हा हाणलं. तुकडे झाले. दांडी तुटून गादीवरून खाली घरंगळली.

सगळं शांत.

छोट्याने सुस्कारा सोडला. खिडकीशी गेला. गाडी उभी असणार म्हणून.

गाडी उभी नव्हती.

हिरवा दिवा विझला होता. उतारावरून गाडी सरळ चालली होती. ज्या जागी ती नेहमी वळायची त्या जागेकडे. आता वळवणारं कोणी नव्हतं. आणि थांबवणारी मोटर...

...गॅरेजच्या टेबलावर होती.

वहिनी मागच्या काचेतून वळून बघत होत्या. खिडकीकडे. त्याच्याकडे. चांदण्यात चेहरा स्पष्ट दिसत होता. त्यांनी हात वर केला. बोलावत होत्या की निरोप घेत होत्या, हे छोट्याला आजही सांगता येत नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. पाणी खोल होतं.

...

नाही रे. नाही वाचल्या.

पोलिसांनी लिहिलं, हँडब्रेक लावला नव्हता, उतारावरून गाडी गेली. छोट्याने सगळं खरं सांगितलं, पण कोण ऐकणार? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गॅरेज बंद पडलं. आता तो कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. कोणी विचारलं तर एवढंच म्हणतो, "एकाला मी रिमोट दिला, एकीसाठी तो फोडला. माझ्या हातचं काही कोणाला लाभलं नाही." आपण चहाचा कप त्याच्यापुढे सरकवतो.

पण एक राहिलं.

सकाळी क्रेन आली. गाडी वर काढली तेव्हा लख्ख उजेडात, दहा माणसांसमोर काढली. रात्रभर तळाशी होती. दारं उघडली तसा पाण्याचा लोंढा बाहेर पडला. वहिनींना बाहेर घेतलं. त्यांची बॅग, पायपुसणी, छताचं कापड, मागची सीट, सगळं गच्च भिजून चिखल झालेलं.

क्रेनवाल्याने आत वाकून ड्रायव्हरच्या सीटवर हात टेकला, आणि झटकन मागे घेतला. छोट्याकडे बघितलं. मग दुसऱ्याला म्हणाला, तू बघ. त्यानेही बघितलं. मग तिसऱ्याने.

सीट कोरडी होती.

आणि अजून कोमट.