प्रयागबाईंच्या टोपाचा पोचा

खंडेनवमी, १९९८. सकाळी आठ. डिंगोरे गावात प्रयागबाईंनी पूजेला मांडलेल्या पोलादी टोपावर बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

"ह्यो त्यांचा न्हाई."

टोप इंग्रजी पलटणीचा. दुसऱ्या महायुद्धातून त्यांचे यजमान तो डोक्यावर घेऊनच गावात उतरले होते. पुढच्या बाजूला गोळीचा पोचा. दर खंडेनवमीला प्रयागबाई त्यात बोट ठेवत. बोट नेमकं बसे.

"पोचा तर हाय की, आई," मुलगा भिमाजी म्हणाला. विसराळूपणासाठी आईला दाखवायला त्याने डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. तरी मनाची खात्री म्हणून ओतूरच्या जागृती ओसवालला बोलावलं. ती लग्नाआधीच्या चौकशा करून देई. नवरा प्रितम स्कूटर चालवी आणि शंका काढी.

प्रयागबाईंनी तिचा हात धरला. "ताई, मला येडी ठरिवत्यात. माझं बोट खोटं बोलंल व्हय?"

वर्षभरात टोप दोनदाच घराबाहेर गेला होता. गणपतीत शेजारच्या कुशाबाने नाटकाला नेला. नंतर नातू आदेशने रंग द्यायला.

"शिपाई झालो व्हतो," कुशाबा म्हणाला. "पत्र्याचा बिल्ला चुंबकानं लावाय गेलो, तर धरंच ना. मेलेलं चुंबक, राव! शेवटी खळीनं डकवला."

जागृतीने ते चुंबक मागितलं. अडगळीतून निघालं. प्रितमची किल्ली खणकन त्याला चिकटली.

"मेलेलं म्हणे!" प्रितम बाहेर येऊन कुजबुजला. "हा गडी फेकतोय."

आदेशचं उत्तर तयार होतं. "शिनोलीला मित्राकडं नेऊन हिरवा रंग दिला. दसऱ्याला गंजका ठिवायचा का?"

दुपारी सगळे ओट्यावर जमले. जागृतीने चुंबक टोपाला लावलं. ठक्क. घट्ट बसलं.

"लढाईतले ते इंग्रजी टोप मँगनीजच्या पोलादाचे. त्यांना चुंबक धरत नाही. हा साध्या लोखंडाचा आहे. कुशाबाभाऊंचं चुंबक जिवंत होतं, तरी चिकटलं नाही. म्हणजे गणपतीत टोप खरा होता. त्यानंतर तो एकदाच बाहेर गेला."

"आणि पोचा?" प्रितमने विचारलं.

"हातोडीचा. नवा पोचा जुना दिसत नाही. म्हणून रंग."

आदेशने मान खाली घातली. "पुण्याचं एक संग्राहक आलं व्हतं. म्हनलं, काचंत ठिवतो, आजोबांचं नाव लिवतो. बदल्यात ह्यो दिला. इथं वर्साला एकदा निघतो, आजी."

"मग इचारलं का न्हाईस? न्हाई म्हनले असते म्हणून?"

भिमाजी उठला, चौकातल्या फोनवर गेला आणि डॉक्टरची वेळ रद्द करून आला.

दसऱ्यानंतर भिमाजी पुण्याला गेला. संग्राहकाने टोप अदलाबदलीत नाशिकच्या एका शौकिनाला दिला होता. नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या शौकिनाकडे तसे नऊ टोप आहेत. चारांना पोचे आहेत. चुंबक एकालाही धरत नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने प्रयागबाई नाशिकला निघाल्या.