कुनी ऱ्हायलंय का?

भूतबीत मी मानत नाही. रात्री मोरीकडं जाताना मोबाईलची बॅटरी लावते आणि नवऱ्यालाही उठवते, ते सापासाठी. तर हे अजिनाथ तात्यांनी सांगितलेलं, जसंच्या तसं.

तात्या माझे चुलत सासरे. मुळा धरणाच्या फुगवट्यावर ज्या होड्या चालतात, त्यांची इंजिनं दुरुस्त करतात. परवा कांद्याला पाणी द्यायचं होतं, लाईट अकराला येणार, म्हणून आम्ही सगळे ओट्यावर जागत बसलेलो. पोरांनी विचारलं, तात्या, तुमच्या दोस्तानं होडी का सोडली? तात्यांचा तंबाखू मळायचा हात थांबला.

दोस्ताचं नाव श्रीमंत. पलीकडच्या काठाला वस्तीवर राहतो. माणसं आणि दुधाचे कॅन होडीनं अलीकडं आणायचा. यंदाच्या पौषातली अमावस्या, नुकतंच अंधारलेलं. त्याच्या आईला, राहीबाईला, दम लागला. ओठ निळे पडले. रस्त्यानं वळसा लई मोठा. होडीनं अर्धा तास, आणि अलीकडं राहुरीला न्यायला गाडी उभी. श्रीमंतनं तिला उचलून मधल्या फळीवर बसवलं, घोंगडी गुंडाळली, इंजिनाची दोरी ओढली. आणि सवयीनं अंधारात हाक दिली, "कुनी ऱ्हायलंय का... चला."

शेवटच्या खेपेला तो ही हाक रोज द्यायचा. नाहीतर मागं राहिलेलं माणूस रातभर काठावरच अडकायचं. त्या रात्री खेप नव्हती. घाईत तोंडातून गेली.

"अन् हाक दिली की न्यावं लागतं, सूनबाई," तात्या माझ्याकडंच बघून म्हणाले. मी उगाच पदर सारखा केला.

पाण्याच्या मध्यावर इंजिन दमायला लागलं. श्रीमंतनं तात्यांना फोन लावला. तात्यांनी विचारलं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा हाय का? उघडा. नळीवरचा रबरी फुगा दाबून बघ. कडक होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. प्लग बदल. बदलला. मागनं पाण्याची बारीक धार पडतीय? पडत होती. पंख्यात जाळं गुंतलं असंल. हात घालून बघितलं, पंखा मोकळा. तरी रेस दिली की इंजिन नुसतं कण्हायचं, होडी जेमतेम सरकायची. आणि राहीबाईच्या दर श्वासाला शिट्टी.

तात्या म्हणाले, फोन इंजिनाजवळ धर.

धरला. तात्यांनी ऐकलं. बराच वेळ.

"इंजिन बराबर हाय, श्रीमंत. लोडवर चालतंय. किती मानसं घेतली?"

"मी अन् आई."

"पानी कुठवर आलंय?"

श्रीमंतनं बॅटरी मारली. होडीची कड पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं. होडी माणसांनी भरली की राहते, तेवढीच.



फोनवर तात्यांना फक्त राहीबाईचा आवाज आला. थकलेला. पण एसटीत बाया बोलतात तसा, मायेचा.

"बसा की... मी सरकते."

ओट्यावर कुणी हललं नाही. माझ्या पायाला मुंग्या आलेल्या. तरी नाही.

तात्यांना एकच सुचलं. नेलंय तर उतरवायचं. म्हणाले, मागं बघू नको. हळू चालव. काठाला लाव, आणि रोज म्हणतोस तेच म्हण.

काठ आला. इंजिन बंद केलं.

"उतरा," श्रीमंत म्हणाला.

होडी जराशी वर आली.

मग अजून जराशी.

पाण्यात पाय पडल्याचा आवाज नाही. काहीच नाही...

मग होडी स्थिर झाली. श्रीमंतनं आईला उचललं, गाडीत घातलं.

तेवढ्यात लाईट आली. मोटर चालू करायला कुणी उठेना. शेवटी मीच धीर करून विचारलं, राहीबाई गेल्या का हो?

"न्हाई, वाचली. चांगली हिंडतीय."

मग होडी कशापायी सोडली?

तात्यांनी तंबाखू तशीच झटकून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः होडी बघायला गेले होते. इंजिन उतरवलं. पाणी उपसलं. तळ चाचपला, कुठं भोक नाही. होडी रिकामी, काठाला बांधलेली. तरी डाव्या अंगाला दबलेली.

"मधल्या फळीला," तात्या म्हणाले. "म्हातारीनं सरकून जागा दिली हुती ना... तिथंच. आजबी तशीच हाय."