आवाज शून्यावर असताना

दोघांनी एकाच वेळी एकाच स्पीकरला हात लावला... आणि दोघांपैकी कुणीच तो मागे घेतला नाही.

"हा मी घेतलाय," काइसा म्हणाली.

"घ्या ना. मी नुसता आधार देतोय," तो म्हणाला.

गावातला, दूरदेशाहून येऊन वसलेल्या फिन लोकांचा नाचाचा हॉल मोडीत निघाला होता. बाहेर सुपीरियर सरोवरावरून धुकं येऊन खिडक्यांना टेकलं होतं आणि आत सगळा संसार विकायला मांडला होता. खुर्च्या, पडदे, कॉफीची भलीमोठी किटली. स्टेजच्या दोन बाजूंचे हे दोन काळे बॉक्स तेवढे काइसानं सकाळीच राखून ठेवले होते. तिच्या छातीएवढे उंच, वर पत्र्याचा कर्णा. तिच्या बाबांनी उभं आयुष्य ते वाजवले होते.

"घरी लावणार? कशावर?"

"बाबांच्या घरातल्या ॲम्प्लिफायरवर. साधा घरगुती आहे. हसा आता तुम्हीही, सकाळपासून सगळं गाव हसतंय. मुंगी हत्ती ओढायला निघाली म्हणे."

तो हसला नाही. त्यानं कर्ण्यावरची धूळ बोटानं पुसली.

"गावाला काही कळत नाही. हे बॉक्स भरल्या हॉलला पुरायचे. ह्यांना चिमूटभर दिलं तरी घर डोक्यावर घेतील. घरच्या छोट्या स्पीकरना जे ऐकूसुद्धा जात नाही ना... ते हे मोठ्यांदा बोलून दाखवतात. जरा जपून."

"तुम्ही भीती घालताय की ओळख वाढवताय?"

"दोन्ही जमतंय का बघतोय," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. तिथेच काइसाला तो आवडला. उगाच कशाला लपवायचं?

त्याचं नाव डेन्झिल. खाडीपलीकडे ज्या घरावर उंच लोखंडी खांब होता, तिथल्या, विलायतेतून आलेल्या कॉर्निश म्हाताऱ्याचा नातू. म्हातारा गेल्यावर घर सांभाळायला आला होता. बॉक्स त्याच्याच ट्रकमधून घरी आले. माजघरात ते उभे केल्यावर त्यानं हॉलच्या तारेचं अजस्र वेटोळं उचललं. "एवढी कशाला? हातभर लागेल. कापून देऊ?"

"नाही." काइसानं वेटोळं ओढूनच घेतलं. "हॉलची तार कापायची नसते. आजची खोली लहान, उद्याची मोठी. बाबा कुणाला कापू द्यायचे नाहीत."

मग दोन्ही बॉक्सना जोडून उरलेली तार तिनं शिडी लावून माळ्यावर चढवली आणि तुळयांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. डेन्झिल खालून शिडी धरून उभा होता. बाहेर उजेड उतरू लागला तशी त्याची चुळबुळ सुरू झाली.

"निघतो मी. संध्याकाळी जरा... काम असतं."

तो गेला. काइसानं ॲम्प्लिफायर लावला, आवाजाचं बटण शून्यावरच ठेवलं आणि कॉफी ओतायला वळली. पाठीमागे कुणीतरी श्वास घेतला.

ती वळली. कुणी नव्हतं. श्वास त्या दोन कर्ण्यांतून येत होता. बारीक, सलग, झोपलेल्या माणसासारखा. डेन्झिल म्हणाला होता तेच हे, ॲम्प्लिफायरची आपली सूं सूं, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि मग त्या श्वासातून, घोगरा, ओला, पाण्याखालून यावा तसा पुरुषाचा आवाज आला.

"...कोणी... आहे का... ऐकतंय का कोणी..."

कप हातातून पडला. तिनं धावत जाऊन बटण पाहिलं. शून्यावरच होतं.

मार्चमध्ये बाबा गोठलेल्या सरोवरावर मासे धरायला गेले होते. वारा फिरला, बर्फाचा अख्खा पट्टा तुटून आत वाहत गेला. त्यांची राहुटी सापडली. ते सापडले नाहीत. आणि हॉलमध्ये नाच सुरू व्हायच्या आधी बाबा माइक हातात घेऊन दर वेळी हेच विचारायचे, मागे कोणी आहे का, ऐकू येतंय का?

काइसा दोन बॉक्सच्या मधे जमिनीवर बसली. "आहे, बाबा," ती म्हणाली. "मी आहे."

आवाज रोज यायला लागला. उजेड मावळला की यायचा. शब्द अर्धेमुर्धे, बाकी सगळी खरखर... कधी नुसतंच "कोणी आहे का", कधी एक लांब उसासा. काइसा उत्तरं द्यायची. आज काय शिजवलं, कुणाची बोट गेली, कोण मेलं. अंगावर काटा यायचा आणि तरी ती दुपारपासून वाट बघायची.

एल्मा आत्याचा फोन आला. "अगं पोरी, चर्चमध्ये प्रार्थना करून घेऊ या आता. दगडावर नाव तरी घालू. भावाचं असं अधांतरी राहिलेलं मला बघवत नाही."

"थांब, आत्या."

"कशासाठी थांबू?"

ज्याचा आवाज रोज घरात येतो त्याचं नाव दगडावर कसं घालायचं? पण हे आत्याला कसं सांगणार?

डेन्झिल अधूनमधून येत होता. हातात मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी असायच्या, आणि काही ना काही सबब.

"शिडी विसरलो होतो का मी इथे?"

"शिडी माझीच आहे."

"अरेच्चा. मग पेस्टी तरी खा."

"तुम्ही" केव्हाच गळून पडलं होतं. शनिवारी ती वाफेच्या अंघोळीची सौना तापवायची आणि तो बाहेर लाकडं फोडायचा, गरजेपेक्षा पुष्कळ जास्त. त्याच्या बोटांना तिची बोटं लागली की दोघंही लाकडांकडे बघायचे. पण गंमत अशी, की उजेड उतरायला लागला की दोघांनाही घाई. त्याला जायची, तिला घालवायची. रोज संध्याकाळी हा कुणाकडे जातो, ह्या विचारानं ती जळायची. ही आपल्याला रोज कुणासाठी घालवते, ह्या विचारानं तोही जळत असणार.

मग एक दिवस धुकं इतकं दाटलं की दारातून ट्रक दिसेना. डेन्झिल दोनदा उठला, दोनदा बसला. खिडक्या करड्या झाल्या, मग काळ्या. काइसाचं बोलणं थांबलं. ती बॉक्सकडे बघत होती. श्वास चालू होता... नुसता श्वास.

"काय झालं?"

"आज आले नाहीत," ती म्हणाली. "रोज येतात. आज तू आहेस म्हणून..."

आणि तिनं सगळं सांगितलं. डेन्झिलनं मधे एकदाही तोडलं नाही. आवाज काय म्हणतो ते ऐकल्यावर त्यानं मान वर केली, माळ्यावर गेलेल्या तारेकडे पाहिलं, आणि तो हळूच खुर्चीत बसला.

"काइसा... तो मी आहे."

तिनं बॉक्सकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आजोबांचा जुना रेडिओ, ज्यावरून बोलताही येतं. तो खांब त्याचाच. अंधार पडला की रेडिओच्या लहरी लांब जातात, म्हणून संध्याकाळी बसतो. हाक मारतो, कोणी आहे का म्हणून. कुठला तरी अनोळखी म्हातारा उत्तर देतो, गप्पा होतात. तुझी ती एवढी लांब तार माझी हाक पकडते. बटण शून्यावर असलं तरी ॲम्प्लिफायरला ती कुजबुज कळते, आणि हे बॉक्स... घरचे स्पीकर असते तर तुला ऐकूही आलं नसतं. आज मी इथे आहे, म्हणून आज आवाज नाही."

"मी बोलत होते त्याच्याशी. रोज."

"मला ते ऐकू येत नव्हतं. शपथ."

"तू गप्प बसू शकला असतास."

"बसलो असतो. उद्या परत हाक मारली असती, तू खूश झाली असतीस." तो उठून उभा राहिला. "पण जन्मभर तुझे बाबा होऊन बोलायचं... ते मला नाही जमणार. मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय."

"जा," काइसा म्हणाली.

धुक्यात दोन पावलांवरच तो दिसेनासा झाला.

त्यानंतर आवाज आला नाही. त्यानं रेडिओ बंद ठेवला होता, तिच्यासाठीच. अंधार पडायचा आणि दोन काळे बॉक्स नुसते श्वास घेत बसायचे. ते जास्त भयंकर होतं. बाबा दुसऱ्यांदा गेले होते, आणि ह्या वेळी ज्यानं नेले त्याचीच तिला राहून राहून आठवण येत होती. रडायचं तरी कुणाच्या नावानं?

शेवटी तिनं फोन केला. "आज बोल."

"काय बोलू?"

"तुझं बोल. तुझ्या नावानं."

तिन्हीसांजेला ती पक्कड हातात घेऊन बॉक्सपाशी उभी राहिली. श्वास... खरखर... आणि मग तोच ओला, घोगरा आवाज.

"मी डेन्झिल... खाडीपलीकडून. आज मी कुणाला हाक मारत नाहीये. ऐकणारी एकच आहे... मला माहीत आहे."

किती उघड उघड त्याचाच आवाज होता तो. शब्द खाऊन टाकायची तीच सवय, मधे तोच थांबा. इतके दिवस तिला कसा कळला नाही? कळला होता, बहुतेक. तिनंच कळू दिला नव्हता.

"बाबा," काइसा हळू म्हणाली, "तुम्ही इथे नाही आहात. कापते हं मी."

तिनं डावी तार कापली. डावा बॉक्स एकदा खोकल्यासारखा झाला आणि त्याचा श्वास थांबला. अर्धी खोली मुकी झाली. आवाज आता एकाच बाजूनं येत होता, कानाजवळ कुणी उभं असावं तसा.

"...तुझ्या बाबांचा आवाज मी काढून घेतला, त्याची माफी कशी मागू... पण तुझ्याकडून निघताना मला रोज वाटतं, काइसा, की..."

तिनं उजवी तार कापली.

घरात अशी शांतता बॉक्स आल्यापासून कधी झाली नव्हती. काइसा बॉक्सला टेकून खाली बसली आणि पोटभर रडली, बाबांच्याच नावानं. मग उठून तोंड धुतलं आणि आत्याला फोन लावला.

"रविवारी प्रार्थना ठेव. दगडावर नाव घालू या."

"बरं, बाळ," एवढंच आत्या म्हणाली.

खाडीच्या काठानं जाताना धुक्यात तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. पाण्याच्या बाजूनं कुणीतरी बरोबर चालतंय असं वाटत राहिलं. ती घाबरली नाही, वळूनही पाहिलं नाही. खांबाच्या घराचं दार उघडंच होतं. आत हिरवट उजेडात डेन्झिल अजून माइकशी बोलत होता, डोळे मिटून, कानांवर हेडफोन. तिनं ते मागून काढले तसा तो खुर्चीतून उडालाच.

"किती ऐकलंस?" त्यानं विचारलं.

"'रोज वाटतं की' इथपर्यंत. मग तार कापली."

"तार कापलीस? तू?"

"पुढचं सांग."

"असं... तोंडावर?"

"मग मी काय तुझा रेडिओ बघायला आलेय?"

डेन्झिलनं हात मागे नेऊन रेडिओ बंद केला. हिरवा उजेड विझत गेला. आणि मग त्यानं पुढचं सांगितलं, माइकशिवाय, इतक्या हळू आवाजात, की ऐकायला काइसाला अगदी जवळ यावं लागलं.